डी-थ्री फुटबॉल, लहान कॉलेजं आणि त्यांचे कोच: पोरगं हट्टाला पेटलंय, जाणकारांनी सांगा

ओहायोकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. आम्ही ओहायोत, कँटनच्या जवळपास. पोरगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि फुटबॉल खेळतो, इथला हेल्मेटवाला. ऑफेन्सिव्ह लाइनला आहे, म्हणजे ज्याच्या हातात बॉल कधीच येत नाही आणि मार मात्र दर डावाला पडतो ती जागा. अभ्यासात बरा, इंजिनिअरिंग करायचं म्हणतो.

मोठ्या युनिव्हर्सिट्या त्याला हुंगणार नाहीत हे त्यालाही कळतं. पण उन्हाळ्यापासून लहान लहान कॉलेजांच्या कोच लोकांचे मेसेज सुरू झालेत, रोज एक तरी असतोच. त्यातला एक तर घरी येऊन गेला, पोहे दोनदा मागून घेतले, हिला म्हणाला तुमच्या मुलासारखीच मुलं आम्हाला हवीयत. ही खूश! मी आपला गुगल करत बसलोय. सगळी डिव्हिजन थ्री (डी-थ्री), कॉलेज खेळांची तिसरी पायरी, म्हणजे खेळाची स्कॉलरशिप शून्य, आणि राहणं-जेवण धरून वर्षाचा छापील आकडा साठ हजार डॉलरच्या पुढे.

आता प्रश्न असा की या माणसाला माझा मुलगा खरंच हवाय की फक्त माझा चेक? आणि या लहान कॉलेजच्या फुटबॉलमध्ये नक्की असतं काय? स्कॉलरशिप नाही, टीव्हीवर दिसत नाही, पुढे एनएफएल (इथली व्यावसायिक लीग) नाही, तरी पोरं आणि कोच इतके जीव तोडून का करतात हे मला खरंच कळत नाही. कोणाला अनुभव असेल तर लिहा, नुसती माहिती असली तरी चालेल.

खिडकीतली_पमी
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. दोनदा पोहे खाणारा कोच वाईट असूच शकत नाही :)

सांगलीचा_सदा
दादा चेकच हवाय, दुसरं काय. आपल्याकडं खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मास्तरांना उन्हाळ्यात गावोगाव पिटाळतात ना, पाच-दहा अ‍ॅडमिशन आणा नाहीतर पगाराचं बघू म्हणून, तसलाच प्रकार आहे हा, फक्त मास्तराच्या जागी शिट्टीवाला. हिशोब बघा. खाजगी लहान कॉलेज, एकूण पोरं हजार-दीड हजार, त्यात मुलगे कमी कमी होत चाललेत. अशा ठिकाणी फुटबॉल टीम काढली की एका झटक्यात शंभर-सव्वाशे मुलगे येतात आणि स्कॉलरशिप द्यायची नसल्यामुळं प्रत्येकजण काही ना काही फी भरतोच. म्हणून तर बाकी सगळीकडं फुटबॉलच्या नावानं डोक्याला मार लागतो म्हणून ओरडा चालू असताना ही कॉलेजं नव्यानं टीम काढत होती. अर्कान्सासमधलं हेंड्रिक्स, जॉर्जियातलं बेरी, दोन्हींनी २०१३ ला चालू केलं.

ही दोन टिकलेली उदाहरणं. मिशिगनच्या पार वरच्या टोकाला फिनलंडिया म्हणून होती, २०१५ ला फुटबॉल काढलं, २०२३ ला अख्खी युनिव्हर्सिटीच बंद. बर्मिंगहॅम-सदर्न, अलाबामा, २००७ ला फुटबॉल परत आणलं, ३१ मे २०२४ ला कुलूप. तेव्हा कोच काय बोलतो त्यापेक्षा कॉलेजचा ताळेबंद वाचा आधी.

तात्या_टचडाउन
सदाभाऊ हिशोब बरोबर आहे पण अर्धाच. आणि ओहायोकर, तुम्ही कँटनजवळ राहता आणि हा प्रश्न आम्हाला विचारता? अहो तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर अलायन्स नावाचं गाव आहे, तिथे माउंट युनियन आहे! लॅरी केर्स हे नाव त्या भागात कुठल्याही न्हाव्याच्या दुकानात काढा, तुमचे केस कापून होतील पण गोष्ट संपायची नाही.

हा माणूस तिथेच क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) म्हणून खेळला, तिथेच शिकला आणि १९८६ ते २०१२ तिथेच हेड कोच होता. ३३२ विजय, २४ पराभव, ३ बरोबरी. परत वाचा, २७ सीझनमध्ये २४ पराभव. वर्षाला एकसुद्धा पडत नाही. राष्ट्रीय विजेतेपदं ११. एकदा सलग ५४ जिंकल्या, १९९९ च्या सेमीफायनलला रोवनने ओव्हरटाइममध्ये ती मालिका तोडली, तर पुढच्याच सीझनपासून परत सुरू करून ५५ जिंकल्या. हे सगळं एका मेथडिस्ट लोकांनी काढलेल्या लहानशा कॉलेजात, एकालाही खेळाची स्कॉलरशिप न देता. मोठ्या कॉलेजांकडे जायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं, गेले नाहीत.

आणि पुढे काही नाही म्हणता, तर फिलाडेल्फिया ईगल्सचा हेड कोच निक सिरियानी, ज्याने फेब्रुवारी २०२५ ला सुपर बोल जिंकला, तो केर्सच्या हाताखालचा रिसीव्हर (पास पकडणारा). २०१६ ते २०२५ आयोवा स्टेटला राहून तिला नावारूपाला आणणारा कोच मॅट कॅम्पबेल, तोही माउंट युनियनचा. पिएर गार्सों तिथूनच एनएफएलला गेला आणि २०१३ ला अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त पास त्याने पकडले, ११३. म्हणजे सगळेच जात नाहीत, हजारात एखादाच जातो, पण दार अगदीच बंद नाहीये.

मिनेसोटाची_मावशी
तात्या, केर्स मोठेच, पण लहान कॉलेजचा कोच म्हटल्यावर जॉन गॅलियार्डींचं नाव पहिल्या तीन प्रतिसादांत आलं नाही म्हणजे कमाल आहे तुम्हा लोकांची. आता मी लिहितेच सविस्तर, स्वयंपाक राहू दे.

आम्ही मिनिआपोलिसला आलो तेव्हा ह्यांच्या ऑफिसातल्या एकांनी शनिवारी कॉलेजव्हिलला नेलं होतं, सेंट जॉन्सची मॅच बघायला. बेनेडिक्टाइन साधूंचा मठ, तळी, पाइनची झाडं, आणि त्या सगळ्याच्या मधे खळग्यात बसवल्यासारखं मैदान. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण साइडलाइनवर लाल जर्सीतली इतकी पोरं उभी होती की मी विचारलं एवढी कशाला? तर म्हणे इथे कोणाला काढत नाहीत, जो येईल त्याला जर्सी. दीडशेच्या वर पोरं असायची.

गॅलियार्डी कोलोरॅडोमधल्या ट्रिनिडाड नावाच्या गावचे. १९४३ साली, वय वर्षं १६, हायस्कूलच्या टीमचा कोच युद्धावर गेला आणि टीम बंद पडायची वेळ आली तेव्हा हा पोरगाच म्हणाला मी शिकवतो. जुन्या कोचच्या ज्या ज्या गोष्टींचा पोरांना वैताग यायचा त्या सगळ्या त्याने बंद करून टाकल्या, आणि टीम जिंकायला लागली. मग आयुष्यभर तेच केलं! आधी मोंटानात कॅरल कॉलेजला ४ वर्षं, मग १९५३ पासून सेंट जॉन्सला, ते थेट २०१२ पर्यंत, ८६ वय होईपर्यंत.

त्यांच्याकडे नकारांची मोठी यादीच होती. प्रॅक्टिसमध्ये टॅकल (समोरच्याला धरून खाली पाडणं) करायचं नाही. शिट्टी नाही. ढकलायचे ते लोखंडी सांगाडे नाहीत. शिक्षा म्हणून पळायला लावणं नाही. दीड तासाच्या वर प्रॅक्टिस नाही. मला कोच म्हणायचं नाही, जॉन म्हणा. आणि डास फार झाले तर आत जायचं. व्यायामाच्या नावाखाली कधी कधी पोरं गवतावर आडवी पडून शेजारच्याला आजचा दिवस किती छान आहे एवढंच सांगायची. बाहेरच्यांना वाटायचं हा चक्रम आहे. चक्रमाचे आकडे: ४८९ विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये कोणत्याही डिव्हिजनमधल्या कोणत्याही कोचपेक्षा जास्त. २००३ ला त्यांनी लुइझियानाच्या ग्रॅम्बलिंगमधल्या एडी रॉबिन्सन यांचा ४०८ चा विक्रम मागे टाकला, आणि त्याच सीझनच्या फायनलला कोणाला हरवलं माहितीये का तात्या? तुमच्या माउंट युनियनला, २४-६, आणि ती ५५ ची मालिका तिथेच संपली :)

शनिवारपेठी
मावशी, लेखन उत्तम, पण एक नोंद. ४८९ हा आकडा ६४ सीझनचा आहे. इतकी वर्षं उभं राहिलं की आकडा फुगतोच. टक्केवारी बघितली तर केर्स .९२९ वर आहेत आणि गॅलियार्डी .७७-.७८ च्या आसपास. राष्ट्रीय विजेतेपदं चार, त्यातली १९६३ आणि १९६५ ची दोन एनएआयए या लहान कॉलेजांच्या वेगळ्या संघटनेतली, तेव्हा डिव्हिजन थ्री अस्तित्वातच नव्हती, ती १९७३ ला आली. त्यामुळे तुलना करताना आधी निकष ठरवावा.

मिनेसोटाची_मावशी
निकष ठरवला. ६४ सीझन कोणाला सहन करून पोरं दरवर्षी परत येतात हा निकष.

खिडकीतली_पमी
मावशी रॉक्स, पेठ शॉक्स.

हाडवैद्य
मी ऑर्थोपेडिक्समध्ये आहे (खेळाडूंचे गुडघे हेच पोटापाण्याचं साधन), म्हणून एकच मुद्दा. टॅकल नसलेली प्रॅक्टिस आज कोणी चक्रमपणा म्हणत नाही. डार्टमथच्या बडी टीव्हन्स यांनी २०१० ला प्रॅक्टिसमधलं टॅकलिंग पूर्ण बंद केलं, टीम बिघडली नाही उलट पुढे आयव्ही लीगची विजेती झाली. मग तिथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी रिमोटवर पळणारा बाहुला बनवला, त्याला टॅकल करायचं, माणसाला नाही. २०१६ ला पूर्ण आयव्ही लीगने सीझनच्या प्रॅक्टिसमधून टॅकलिंग काढून टाकलं. टीव्हन्स २०२३ मध्ये सायकलच्या अपघातानंतर गेले, फार चांगला माणूस गेला.

ओहायोकर, तुमचा मुलगा लाइनवर आहे. तिथे टीव्हीत दिसतो तसा मोठा आघात कमी होतो पण प्रत्येक डावाला डोक्याला छोटा धक्का बसतो, आणि काळजी त्या साचत जाणाऱ्या धक्क्यांचीच जास्त आहे. म्हणून कोच घरी आला की पहिला प्रश्न हा विचारा: आठवड्यात किती दिवस पूर्ण पॅड घालून प्रत्यक्ष भिडता? दुसरा: डोक्याला लागलं तर परत कधी उतरायचं हे ठरवतं कोण, तुम्ही की अ‍ॅथलेटिक ट्रेनर (दुखापती बघणारा माणूस)? उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो तेही बघा.

ओहायोकर
डॉक्टर, हे लिहून घेतलं. हिलाही वाचायला दिलं, तिने लगेच फोनमध्ये टाकलं. तात्या, अलायन्सला मी फक्त टायर बदलायला गेलोय आत्तापर्यंत :)

पण सदाभाऊंचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये. कॉलेजच बंद पडलं तर?

ऑफसाइड
बंद पडण्यावरून आठवलं, आणि ही गोष्ट सांगितल्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही, थोडी लांबेल.

आयोवात माउंट प्लेझंट नावाचं गाव, तिथे आयोवा वेस्लियन, १८४२ पासूनचं कॉलेज. १९८९ ला त्यांनी टेक्सासमधल्या एका हायस्कूलच्या कोचला आणलं, हॅल मम्मी. हसू नका, नाव तसंच आहे. टीमची अवस्था अशी की आदल्या सीझनला एकही मॅच जिंकलेली नाही. मम्मीने ऑफेन्सिव्ह लाइन शिकवायला कोणाला घेतलं तर माइक लीच, ज्याने कॉलेजात फुटबॉल खेळलेलं नाही आणि ज्याच्याकडे वकिलीची पदवी आहे. म्हणजे वकिली सोडून हा माणूस आयोवाच्या मक्याच्या शेतांमधे येऊन किरकोळ पगारावर कोचिंग करतोय! घरी काय सांगितलं असेल देव जाणे.

या दोघांनी तिथे बसून, युटातल्या बीवाययू या युनिव्हर्सिटीकडून बरंच उचलून आणि त्यावर स्वतःचं डोकं चालवून जो प्रकार तयार केला त्याला एअर रेड म्हणतात. मोजकेच डाव, पण तेच इतक्या वेळा घोटायचे की झोपेत जमले पाहिजेत, लाइनमधली पोरं एकमेकांपासून लांब लांब उभी, रिसीव्हर मैदानभर पसरलेले, आणि पळण्यापेक्षा फेकणं जास्त. लहान कॉलेजला धिप्पाड पोरं मिळत नाहीत, मग धक्काबुक्कीत जिंकता येत नाही, मग मैदानच मोठं करून टाकायचं, असं साधं गणित. पहिल्याच वर्षी टीम हरली त्यापेक्षा जास्त मॅचेस जिंकून बसली. तिथून ते व्हल्डोस्टा स्टेटला गेले, मग केंटकी, पुढे लीच टेक्सास टेकला, वॉशिंग्टन स्टेटला. आज रविवारी एनएफएल लावा किंवा शनिवारी कॉलेज लावा, जवळपास प्रत्येक टीमच्या वहीत त्यातली पानं आहेत. असला प्रयोग मोठ्या युनिव्हर्सिटीत पहिल्याच वर्षी कोणी करू दिला असता असं मला वाटत नाही, तिथे दोन मॅच हरलात की माजी विद्यार्थी कोचच्या अंगणात घर विकाऊ असल्याची पाटी लावून जातात. माउंट प्लेझंटमध्ये कोणाचं लक्षच नव्हतं.

लीच डिसेंबर २०२२ ला गेले. त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, २०२३ च्या मे महिन्यात, आयोवा वेस्लियन पैसे नाहीत म्हणून कायमचं बंद झालं. तर सदाभाऊ, दोन्ही खरं आहे. फुटबॉलने ते कॉलेज वाचलं नाही, आणि त्या कॉलेजने फुटबॉल बदलून टाकलं.

सांगलीचा_सदा
लय भारी. वकील पण आलाय म्हणजे लाइन बरोबर आहे :) पण मुद्दा तोच की भावा, फी भरून बसलेल्या पोरांचं काय झालं? दुसऱ्या कॉलेजात बदली, क्रेडिट गेले.

फाफ्साग्रस्त
पैशांचं मी सांगते, दोन मुलं याच चक्कीतून काढली आहेत.

छापील फी बघून घाबरू नका, ती जवळजवळ कोणीच पूर्ण भरत नाही. अमेरिकेतली खाजगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील ट्यूशनवर सरासरी अर्ध्याहून जास्त सूट देतात, मेरिटच्या नावाने किंवा गरजेच्या नावाने. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (सूट जाऊन खरे किती भरावे लागतील ते सांगणारा) असतो, तो आज रात्रीच भरा. आणि डी-थ्रीचा सगळ्यात महत्त्वाचा नियम जो कोच स्वतःहून ठळकपणे सांगत नाहीत: मदत खेळावर अवलंबून ठेवता येत नाही. म्हणजे मुलाने दुसऱ्या महिन्यात फुटबॉल सोडलं तरी मेरिटचे पैसे तसेच राहतात, ग्रेड राखले की झालं. उलट अर्थही तोच, कोच म्हणाला मी जास्त मिळवून देतो, तर ते त्याच्या हातात नाही, ऑफर लेखी फायनान्शिअल एड ऑफिसकडूनच घ्या.

अजून एक. सही करायचा समारंभ करतात, टोपी घालून फोटो वगैरे, डी-थ्रीत त्या कागदाला काही बंधन नाही, ना तुम्हाला ना कॉलेजला. फोटो छान येतो, आजी-आजोबांना पाठवा. आणि कॉलेज निवडक असेल (अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स वगैरे) तर कोचला विचारा की अ‍ॅडमिशन ऑफिसकडून प्री-रीड करून देणार का, म्हणजे मार्क आणि कोर्सेस आधीच दाखवून अंदाज घेतात. तिथे कोचच्या यादीत नाव असणं याला खरंच किंमत आहे. इतर ठिकाणी पोराला एरवीही प्रवेश मिळणारच असतो, तिथे कोचचं काम फक्त अर्ज आणणं.

शनिवारपेठी
इंजिनिअरिंगचा विषय मूळ धाग्यात आहे आणि कोणी त्याकडे पाहिलेलं नाही. मराठी पालकांना जी नावं तोंडपाठ असतात त्यातली बरीच डी-थ्री फुटबॉल खेळतात. क्लीव्हलंडचं केस वेस्टर्न, पिट्सबर्गचं कार्नेगी मेलन, इंडियानातलं रोझ-हलमन, मॅसॅच्युसेट्समधलं डब्ल्यूपीआय, आणि होय, एमआयटी. एमआयटीने १९८८ ला व्हर्सिटी (कॉलेजची अधिकृत) टीम काढली आणि २०१४ ला नियमित सीझन अपराजित राहून प्लेऑफला गेले. केस वेस्टर्न तर ओहायोकरांना घरच्या अंगणात आहे.

कार्नेगी मेलनचा एक किस्सा, तेव्हा कार्नेगी टेक. १९२६, समोर बलाढ्य नोटर डेम, कोच न्यूट रॉकनी. रॉकनींना वाटलं ही मॅच काय, सहाय्यक बघून घेतील, आणि ते स्वतः आर्मी-नेव्ही मॅच बघायला शिकागोला गेले. कार्नेगी टेकने १९-० ने धुतलं. गंमत म्हणजे जिंकलेल्या टीमचा कोच वॉली स्टेफन हा शिकागोतला न्यायाधीश होता, कोर्ट सांभाळून पिट्सबर्गला ये-जा करायचा. म्हणजे शिकागोत राहणारा कोच पिट्सबर्गला हजर आणि पिट्सबर्गला असायला हवा होता तो शिकागोत.

ऑफसाइड
पेठेकडून चक्क गोष्ट! अवांतर: शिकागो निघालंच आहे तर, डी-थ्रीच्या फायनलला ज्यांचं नाव आहे ते अमोस अलोंझो स्टॅग शिकागो युनिव्हर्सिटीचे कोच, १८९२ ते १९३२. पहिला हाइजमन ट्रॉफी (वर्षातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू) विजेता जे बर्वेंजर, १९३५, तिथलाच. मग १९३९ ला युनिव्हर्सिटीने फुटबॉलच बंद केलं, अभ्यासात अडथळा म्हणून. रिकाम्या स्टॅग फील्डच्या गॅलरीखाली काय झालं तर डिसेंबर १९४२ ला शास्त्रज्ञ फर्मीने जगातली पहिली अणुभट्टी चालू केली. १९६९ ला फुटबॉल परत आलं आणि आज ते डी-थ्रीत निवांत खेळतात. खुद्द स्टॅग नव्वदीला टेकले तरी पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नावाच्या लहान कॉलेजात मुलाच्या हाताखाली कोचिंग करत होते. ही माणसं रिटायर का होत नाहीत हा वेगळा धागा काढायला हवा.

तात्या_टचडाउन
सगळं गोडगोड चाललंय म्हणून थोडं मिरचीचं. लहान म्हणजे पवित्र असं अजिबात नाही. टेक्सासचं मेरी हार्डिन-बेलर, २०१६ चे विजेते, विजेतेपद नंतर रद्द झालं. का? तर कोच पीट फ्रेडनबर्ग यांनी एका खेळाडूला स्वतःची जुनी सुबारू गाडी वापरायला दिली होती, दीड वर्षं. मोठ्या कॉलेजांमध्ये पोरांना गाड्यांचे शोरूम दाखवतात आता, आणि इथे वापरलेली सुबारू! मला त्या माणसाची दया आली खरं सांगतो, पण नियम सगळ्यांना माहीत होता. २०१८ आणि २०२१ ला तेच परत विजेते झाले ते सोडा.

आणि दुसरं टोक बघा, आयोवातलं ग्रिनेल. दोन अब्ज डॉलरच्या वर एंडोमेंट (कॉलेजची गुंतवलेली ठेव), वॉरन बफेट ट्रस्टी होते. २०१९ ला तीन मॅच खेळून उरलेला सीझन रद्द, कारण जखमी बाजूला काढल्यावर टीम उभी करायला धड पोरंच उरली नाहीत. पैसा आहे, पोरं नाहीत.

मिनेसोटाची_मावशी
आमच्याकडचा किस्सा राहिलाच. सेंट पॉलचं सेंट थॉमस म्हणजे सेंट जॉन्सचे पक्के वैरी. २०१७ ला ही मॅच टार्गेट फील्ड या बेसबॉलच्या स्टेडियमवर ठेवली, ३७,३५५ लोक आले, डी-थ्रीचा विक्रम. त्याच सीझनला सेंट थॉमसने सेंट ओलाफला ९७-० हरवलं. ९७-०!! मग काय, बाकीच्या कॉलेजांच्या प्रमुखांनी बैठका घेतल्या आणि २०१९ मध्ये चक्क कॉन्फरन्समधून (एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातून) बाहेर काढलं, फार जिंकता म्हणून. १९२० पासूनचे संस्थापक सदस्य हो ते. आणि हे लोक तिसऱ्या डिव्हिजनमधून थेट पहिल्या डिव्हिजनमध्ये गेले, २०२१ ला. कोच ग्लेन कारूसो तेच राहिले.

मला विचाराल तर आमच्या इथल्या शनिवारची मजा गेली त्यात. मुलगे हरले तरी चालेल पण ती मॅच हवी होती.

खिडकीतली_पमी
फार जिंकता म्हणून हाकलणं हे फारच मराठी मंडळाच्या निवडणुकीसारखं... दिवे घ्या हो.

ओहायोकर
हाहा. मंडळी, इतकं वाचल्यावर थोडं स्पष्ट होतंय. शनिवारी केस वेस्टर्न आणि अजून एका ठिकाणी जाऊन येणार आहोत. पण कोच आवडला म्हणून कॉलेज घ्यावं का? पोरगं तेच म्हणतंय, मला तो माणूस आवडला.

तात्या_टचडाउन
आवडू दे, पण त्याच्यावर चार वर्षं लावू नका. लान्स लायपोल्ड व्हाइटवॉटरला होता, विस्कॉन्सिन, ८ सीझनमध्ये १०९ विजय आणि फक्त ६ पराभव, सहा विजेतेपदं, आणि स्वतः तिथलाच माजी विद्यार्थी. गेलाच शेवटी बफेलोला, मग कॅन्सस. आणि जायलाच हवं होतं, मी दोष देत नाही. त्याला रिक्रूट म्हणून होकार दिलेल्या पोरांना मात्र दुसराच माणूस मिळाला. केर्स आणि गॅलियार्डी ही अपवादांची नावं आहेत, घरी येऊन पोहे खाणारा बहुतेक वेळा तिशीतला सहाय्यक असतो ज्याला स्वतःला दोन वर्षांत वरची नोकरी हवी असते, आणि तो बिचारा रिक्रूटिंग, व्हिडिओ कापणं, जर्सी धुवायला टाकणं, वर एखादा पीईचा क्लास, सगळं एकटा करतो.

म्हणून पोराला एकच विचारा, पहिल्याच आठवड्यात गुडघा गेला आणि फुटबॉल संपलं तर याच कॉलेजात चार वर्षं राहशील का? हो असेल तर पुढचं बोला. मग साइटवर जाऊन रोस्टर (टीमची यादी) उघडा आणि फर्स्ट इयरची पोरं मोजा, सिनिअर (शेवटच्या वर्षाचे) मोजा. पन्नास आत येतात आणि दहा बाहेर पडतात असं दिसलं तर सदाभाऊ बरोबर, तिथे कोच अ‍ॅडमिशन ऑफिसचा माणूस आहे. पंचवीस-तीस सिनिअर दिसले आणि त्यातले निम्मे कधी स्टार्टर (सुरुवातीला मैदानात उतरणारे) नव्हते तरी टिकलेत, तर तिथे काहीतरी चांगलं चाललंय, मग टीम हरत का असेना. आणि लॅब दुपारी प्रॅक्टिसच्या वेळेला आली तर काय करता हे कोचला नाही, तिथल्या इंजिनिअरिंगच्या लाइनमन पोरांना विचारा, कोच बाजूला नसताना.

हाडवैद्य
+१. गुडघ्याच्या प्रश्नाला विशेष अनुमोदन, अर्थात माझा त्यात स्वार्थ आहे.

सांगलीचा_सदा
रोस्टर मोजायची आयडिया पटली. मी आत्ता टाइमपास म्हणून चार कॉलेजांचं मोजलं, एका ठिकाणी फर्स्ट इयर एकसष्ट आणि सिनिअर नऊ. नाव लिहीत नाही. दुसरीकडं मात्र तीसच्या आसपास सिनिअर आहेत आणि गेल्या वर्षी दोनच मॅच जिंकलेत. असं कसं काय राहतात राव पोरं?

मिनेसोटाची_मावशी
सदा, मकॅलेस्टर वाच. सेंट पॉललाच आहे. १९७४ ते १९८० सलग ५० मॅच हरले. पन्नास! पोरं येत राहिली. १९८० ला शेवटी १७-१४ ने जिंकले, तेही शेवटी शेवटी फील्ड गोल मारून.

शनिवारपेठी
आणि दुसऱ्या टोकाला ओरेगनचं लिनफिल्ड, १९५६ पासून एकही सीझन तोट्यात गेलेला नाही. मध्ये कोच बदलत गेले. त्यामुळे कोचवर सगळं श्रेय टाकणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

तात्या_टचडाउन
पेठे, लिनफिल्डचे बरेचसे कोच तिथलेच जुने खेळाडू आहेत हे सांगायचं सोयीस्कर विसरलात.

शनिवारपेठी
विसरलो नाही. पुढच्या प्रतिसादासाठी राखून ठेवलं होतं.

ओहायोकर
तात्या, रोस्टर मोजून आलो. पोहेवाल्यांकडे फर्स्ट इयर चव्वेचाळीस, सिनिअर एकोणीस. हे चांगलं की वाईट??

तात्या_टचडाउन
मधलं. मागच्या तीन वर्षांची जुनी रोस्टर पण साइटवर असतात, वर सीझन बदलायचा पर्याय आहे. त्या एकोणीस पोरांची बॅच आली तेव्हा किती होती ते बघा आणि इथे टाका, मग सांगतो.